राजा गेला, डोईपट्टी राहिली : दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा वारसा



दिल्लीत राहणाऱ्या आपल्या मराठी मित्रांना सायमन बोलिव्हार मार्ग माहीत असेल. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना हा बोलिव्हार कोण, हे सांगता येणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही. शाळेत आपण अमेरिकन राज्यक्रांती शिकतो, फ्रेंच राज्यक्रांती शिकतो, रशियन शिकतो. पण १८१० ते १८२५ या पंधरा वर्षांत स्पेनच्या हातातून जवळजवळ अख्खा खंड निसटला, ही गोष्ट आपल्या पुस्तकांत दोन-चार ओळींत उरकली जाते. त्या ओळींत दोन नावं असतात. उत्तरेकडून आलेला सिमोन बोलिव्हार आणि दक्षिणेकडून आलेला होसे दे सान मार्टिन.

लढायांची गोष्ट रोमहर्षक आहेच. पण आज मला लढाया सांगायच्या नाहीत. आज एकच प्रश्न घेऊन आपण त्या खंडात जाणार आहोत. राजा गेल्यावर तिथल्या सर्वांत खालच्या माणसाच्या आयुष्यात काय बदललं? ज्याच्या डोक्यावर कर होता आणि ज्याच्या पायात बेडी होती, त्याला स्वातंत्र्य कधी मिळालं? माझ्या मते दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा खरा वारसा या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आधी उतरंड समजून घेऊ. स्पॅनिश राज्यात सर्वांत वर होते स्पेनमध्ये जन्मलेले अधिकारी. मोठी पदं बहुतेक त्यांनाच मिळत. त्यांच्याखाली ‘क्रिओयो’, म्हणजे रक्ताने स्पॅनिश पण जन्माने अमेरिकन असलेले जमीनदार, व्यापारी, वकील. जमीन यांची, खाणी यांच्या, पण सत्ता यांची नाही, हे त्यांचं दुखणं. त्यांच्या खाली मिश्र वंशाचे लोक. आणि सगळ्यांत खाली दोन समाज : अँडीज पर्वतातले मूळ रहिवासी, ज्यांना सरकारी कागदांत ‘इंडियो’ म्हणत, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम.

मूळ रहिवाशांवर एक खास कर होता. स्पॅनिशमध्ये त्याला ‘त्रिबुतो’ म्हणत. आपण त्याला डोईपट्टी म्हणू, कारण ती शेतावर नव्हती, पिकावर नव्हती, माणसाच्या डोक्यावर होती. साधारण १८ ते ५० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ती भरायची. कारण एकच, तो ‘इंडियो’ म्हणून जन्मला. शिवाय ‘मिता’ नावाची वेठ. पोतोसीच्या चांदीच्या खाणीसाठी ठरावीक प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने पाठवावा लागे. गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नसे.

मात्र या डोईपट्टीची एक दुसरी बाजू होती. ती लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. पट्टीच्या बदल्यात राजा गावाची सामाईक जमीन मान्य करत असे. गाव पट्टी भरतं, म्हणून जमीन गावाची. हा जुलूम होता, पण तोंडदेखला का होईना, तो एक करारही होता.

आता १७८० सालात या. कुस्कोजवळच्या डोंगराळ भागात होसे गाब्रिएल कोंदोर्कान्की नावाच्या गावप्रमुखाने बंड केलं. आपण शेवटच्या इंका राजाचे वंशज आहोत, असं सांगून त्याने नाव घेतलं तुपाक अमारू. जुलमी स्पॅनिश अंमलदाराला त्याने फाशी दिली आणि आपल्या बाजूने येणाऱ्या गुलामांना मुक्त करण्याचा जाहीरनामा काढला. त्याची बायको मिकाएला बास्तिदास सैन्याची रसद आणि पत्रव्यवहार सांभाळत होती. सहा महिन्यांत बंड मोडलं. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात आधी त्याच्या डोळ्यांदेखत मिकाएलाला आणि थोरल्या मुलाला मारलं, मग त्याला. त्याच वर्षी तुपाक कातारी नावाच्या आयमारा नेत्याने ला पाझ शहराला महिनोन्महिने वेढा घातला.

या दोन बंडांनी क्रिओयो मंडळींच्या मनात जी भीती बसली, ती पुढची कित्येक वर्षं गेली नाही. राजा नकोसा होता, पण राजा गेला आणि खालचे उठले तर? १७९१ मध्ये हैतीत गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं, तेव्हा ही भीती दुप्पट झाली. आपल्या आजच्या गोष्टीची गाठ या भीतीत आहे.

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला कैदेत टाकलं आणि आपला भाऊ गादीवर बसवला. मग अमेरिकेतल्या प्रजेने आज्ञा कोणाची पाळायची? या गोंधळात १८१० साली कराकस, ब्वेनोस आयरेस, बोगोटा, सांतियागो या शहरांत क्रिओयोंनी आपापली कारभारी मंडळं स्थापन केली. ५ जुलै १८११ रोजी व्हेनेझुएलाने उघडपणे स्वातंत्र्य जाहीर केलं.

पण या पहिल्या प्रजासत्ताकाने दिलं काय? गुलामांची आयात बंद केली, गुलामगिरी मात्र तशीच ठेवली. मताचा हक्क मालमत्ता असलेल्यांना दिला. दक्षिणेकडच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात गुराखी पिढ्यान्‌पिढ्या मोकाट जनावरं पकडून जगत होते. ते आता मालकाच्या परवानगीशिवाय चालणार नाही, असे नियम केले. परिणाम काय झाला ते पाहा. होसे तोमास बोव्हेस नावाचा एक स्पॅनिश माणूस राजाचा झेंडा घेऊन उभा राहिला आणि हेच गुराखी, हेच गुलाम, हेच मिश्र वंशाचे लोक हजारोंच्या संख्येने त्याच्यामागे गेले. बोव्हेस अत्यंत क्रूर होता, पण जमीनदारांची मालमत्ता लुटून ती तो आपल्या लोकांत वाटत होता. १८१४ मध्ये त्याने बोलिव्हारचं प्रजासत्ताक धुळीला मिळवलं.

स्वातंत्र्याच्या विरोधात गरीब का लढले? अनेक इतिहासकारांनी याचं उत्तर ‘अडाणी होते, फसले’ असं दिलं आहे. मला हे पटत नाही. त्यांच्या पाठीवर चाबूक ओढणारा मालक कराकसचा होता, माद्रिदचा नव्हता. त्यांनी जवळच्या मालकाविरुद्ध दूरचा राजा निवडला. यात अडाणीपणा कुठे आहे?

बोलिव्हार पळून आधी जमैकाला गेला आणि तिथून हैतीला. जगातल्या कोणत्याही मोठ्या सत्तेने त्याला उभं केलं नाही. उभं केलं ते कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांच्या देशाने. हैतीचा अध्यक्ष अलेक्झांद्र पेतिओं याने १८१६ मध्ये त्याला बंदुका दिल्या, दारूगोळा दिला, छापखाना दिला. बदल्यात एकच मागणं केलं : जिंकशील तिथे गुलामांना मुक्त कर.

बोलिव्हारने शब्द दिला. २ जून १८१६ रोजी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर कारूपानो इथे त्याने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. पण त्यात अट होती. मुक्ती हवी असेल तर सैन्यात या. ही मोहीम फसली. तो पुन्हा हैतीला गेला आणि पेतिओंने त्याला पुन्हा मदत केली.

बोलिव्हारला खोटारडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. त्याने स्वतःच्या गुलामांना मुक्त केलं. १८१९ मध्ये आंगोस्तुराच्या काँग्रेसपुढे त्याने गुलामांच्या मुक्तीला मान्यता द्यावी म्हणून कळकळीने मागणी केली. समोर बसलेल्या जमीनदार प्रतिनिधींनी ती मानली नाही. पण त्याच बोलिव्हारने १८२० साली गुलामांची भरती करताना आपल्या सहकाऱ्याला जो हिशेब सांगितला, तोही विसरता येत नाही. युद्धात फक्त मुक्त माणसं मरत राहिली आणि गुलाम शिल्लक राहिले तर पुढे काय होईल, असा तो हिशेब होता. म्हणजे ज्या माणसाला मुक्तीचं आश्वासन द्यायचं, त्याच्या मरण्याचीही सोय त्याच हिशेबात.

ही माणसं खरोखर लढली. सान मार्टिनने १८१७ मध्ये अँडीज ओलांडून चिलीत जे सैन्य उतरवलं, त्याच्या पायदळात मुक्त केलेल्या गुलामांचा मोठा भरणा होता. १८२१ च्या काराबोबोच्या लढाईत पेद्रो कामेहो नावाचा घोडेस्वार पडला. ‘पहिला काळा’ या टोपणनावाने व्हेनेझुएलात त्याला आजही ओळखतात, कारण हल्ल्यात तो पहिल्या रांगेत असे.

आणि मिळालं काय? काराबोबोच्या त्याच वर्षी कुकुता इथल्या काँग्रेसने कायदा केला. यापुढे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारं मूल मुक्त. ऐकायला किती छान! पण पुढचं कलम वाचा. त्या मुलाने वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे काम करायचं, कारण मालकाने त्याला खाऊ घातलेलं असतं. आई मात्र गुलामच. १८३० मध्ये व्हेनेझुएला वेगळा झाल्यावर तिथल्या नव्या राज्यकर्त्यांनी ही १८ ची मर्यादा २१ वर नेली.

हिशेब करा. १८२१ साली जन्मलेलं ‘मुक्त’ मूल व्हेनेझुएलात १८४२ मध्ये मालकाच्या दारातून बाहेर पडणार. त्याच्या आईची सुटका १८५४ मध्ये होणार, कारण व्हेनेझुएलात गुलामगिरी पूर्ण संपली ती २४ मार्च १८५४ रोजी. कोलंबियात १ जानेवारी १८५२ पासून. पेरूत १८५४ च्या डिसेंबरात. चिलीने मात्र हे काम १८२३ मध्येच करून टाकलं होतं, तिथे गुलामांची संख्याही थोडी होती. पेरूत मुक्ती झाली तेव्हा सरकारकडे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या, म्हणजे ग्वानो खताच्या विक्रीचा भरपूर पैसा होता. त्यातून एका गुलामामागे ३०० पेसो भरपाई दिली गेली. कोणाला? मालकाला. गुलामाला काही नाही.

बोलिव्हियाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १८२६ च्या राज्यघटनेचा मसुदा स्वतः बोलिव्हारने लिहिला आणि त्यात सर्व गुलाम मुक्त, असं स्पष्ट म्हटलं. तिथल्या प्रतिनिधींनी त्या वाक्याला एक शेपूट जोडलं. मुक्त खरे, पण विशेष कायदा होईपर्यंत त्यांनी जुन्या मालकाचं घर सोडायचं नाही.

सैन्यात मोठ्या पदाला पोचलेल्यांची स्थिती काय होती? मान्युएल पिआर हा मिश्र वंशाचा सेनापती. बंडाच्या आरोपावरून १८१७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. आरोपांत मिश्र वंशाच्या लोकांना चिथावल्याचाही एक होता. होसे पादिया हा माराकायबो सरोवरातली निर्णायक नाविक लढाई जिंकणारा काळा दर्यासारंग. १८२८ मध्ये बोलिव्हारविरुद्धच्या कटावरून त्याला मृत्युदंड झाला. त्याच कटात फ्रान्सिस्को सान्तांदेर या गोऱ्या नेत्यालाही मृत्युदंड झाला होता, पण त्याची शिक्षा बदलून त्याला हद्दपार केलं. बोलिव्हारला पुढे याची टोचणी लागली होती, हे त्याच्या पत्रातून दिसतं. पण पत्राने गेलेली माणसं परत येत नाहीत.

आणि हैती? १८२६ मध्ये नव्या राष्ट्रांची परिषद पनामात भरली. ज्या देशाने बोलिव्हारला दोनदा उभं केलं, त्याला आमंत्रणसुद्धा नव्हतं.

आता पुन्हा डोईपट्टीकडे वळू.

सान मार्टिनने १८२१ मध्ये लिमात डोईपट्टी रद्द केली आणि मूळ रहिवाशांना यापुढे ‘पेरूवासी’ म्हणायचं, असं फर्मान काढलं. त्याच वर्षी कुकुताच्या काँग्रेसनेही ती रद्द केली. डिसेंबर १८२४ मध्ये आयाकुचोच्या लढाईत स्पॅनिश सत्ता मोडली आणि १८२५ च्या अखेरीस बोलिव्हियातही पट्टी गेली. त्याऐवजी सगळ्यांवर सारखा कर आणि श्रीमंतांच्या मालमत्तेवर, उत्पन्नावर कर, अशी योजना होती. पण श्रीमंत तो भरायला तयार नव्हते आणि तिजोरी तर रिकामी. मग १८२६ मध्ये बोलिव्हियाने पट्टी परत आणली. पेरूनेही त्याच वर्षी आणली. पेरूत नाव तेवढं बदललं. ‘त्रिबुतो’ऐवजी ‘कोन्त्रिबुसिओन’, म्हणजे वर्गणी! १८२८ मध्ये खुद्द बोलिव्हारने कोलंबियाच्या संघराज्यात ती पुन्हा लागू केली. पेरूत ती १८५४ पर्यंत चालली, इक्वेडोरमध्ये १८५७ पर्यंत. बोलिव्हियात तर त्यानंतरही कित्येक वर्षं रेंगाळली. ज्या कराला स्पॅनिश जुलमाची खूण म्हणून भाषणं झाली, त्याच करावर प्रजासत्ताकाचा पगार निघत होता.

मी मघाशी एक गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती. पट्टीच्या बदल्यात जमीन. नव्या राज्यकर्त्यांचा आदर्श होता स्वतंत्र नागरिक आणि त्याची खाजगी मालकी. गावाची सामाईक जमीन त्यांना मागासलेपणाची खूण वाटे. बोलिव्हारने १८२४ मध्ये त्रुहियोच्या फर्मानाने सामाईक जमिनी वाटून प्रत्येकाला मालक करायचं ठरवलं. हेतू चांगला असेल. पण ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याच्याकडे वकील नाही, त्याच्या हातात विकता येणारा तुकडा दिला की तो सावकाराकडे जायला किती वेळ लागतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

बोलिव्हियात १८६६ साली हुकूमशहा मारियानो मेलगारेहो याने कळस केला. गावकऱ्यांनी ६० दिवसांत २५ ते १०० पेसो भरून आपल्याच जमिनीचा दाखला विकत घ्यावा, नाहीतर जमिनीचा लिलाव होईल, असं फर्मान निघालं. १८७१ मध्ये त्याला पळवून लावण्यात आयमारा शेतकऱ्यांचा मोठा वाटा होता. पण १८७४ मध्ये दुसऱ्या कायद्याने गावांचं कायदेशीर अस्तित्वच पुसलं. राजाने पट्टी घेऊन जमीन सोडली होती. प्रजासत्ताकाने पट्टीही घेतली आणि जमीनही.

मग या लोकांनी काय केलं? मला या सगळ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट इथे आहे. त्यांनी राजाचे कागद शोधले. सोळाव्या-सतराव्या शतकात अनेक गावांनी स्पॅनिश राजाच्या खजिन्यात पैसे भरून जमिनीच्या सनदा घेतल्या होत्या. त्या सनदा दाखवून गावांनी लढा दिला, आणि १८८३ मध्ये अशा जमिनी वाटणीतून वगळण्याचा कायदा त्यांनी मिळवला. सनदा तर हव्यात, पण त्या कुठे? जुन्या दप्तरखान्यांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान्तोस मार्का तुला नावाचा आयमारा नेता अशा कागदांसाठी थेट पेरूतल्या लिमापर्यंत गेला. तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा अर्ज घेऊन उभा राहिला. १९८० च्या दशकात ला पाझमधल्या आयमारा संशोधकांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून त्याच्या आठवणी गोळा केल्या, म्हणून आज आपल्याला त्याची गोष्ट माहीत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात इनामाचा कागद शोधणाऱ्या माणसाची तगमग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मार्का तुला लगेच कळेल. फरक एवढाच की त्याला स्वतंत्र देशाच्या सरकारपासून वाचण्यासाठी गेलेल्या राजाची सही हवी होती.

मग स्वातंत्र्य फुकट गेलं का? नाही, असं मी म्हणणार नाही. वेठ, चौकशी न्यायालयाचा धाक, जन्मावर आधारलेल्या कायदेशीर पायऱ्या, या गोष्टी मोडल्या. आणि ‘सर्व नागरिक समान’ हे वाक्य राज्यघटनेत एकदा लिहिलं गेलं की लिहिणाऱ्याच्या मनात काही असो, वाचणारा ते स्वतःसाठी वाचतो. गुलामांनी तेच वाक्य घेऊन न्यायालयांत मुक्तीचे अर्ज केले, गावांनी तेच घेऊन जमिनीचे. वाक्य क्रिओयोंनी लिहिलं, पण त्याचा अर्थ खालच्यांनी वसूल केला.

ही वसुली फार लांबली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मत नाही, ही अट बोलिव्हियात १९५२ च्या क्रांतीपर्यंत होती. इक्वेडोर आणि पेरूत ती १९७८-७९ च्या राज्यघटनांनी गेली. तुलना करून पाहा. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं, तरी मत प्रत्येक प्रौढाला होतं. आपण ते इतकं गृहीत धरतो की त्याची किंमत कळायला कुस्कोच्या शेतकऱ्याकडे पाहावं लागतं. त्याचा देश १८२१ मध्ये स्वतंत्र झाला, आणि वाचता येत नसेल तर त्याला मत मिळायला १९८० ची निवडणूक उजाडली.

जाता जाता एका बाईचं नाव सांगतो. हुआना आझुर्दुई. आजच्या बोलिव्हियात ती मूळ रहिवाशांच्या तुकड्या घेऊन घोड्यावरून लढली. युद्धात तिचा नवरा गेला, पाचपैकी चार मुलं गेली. १८२५ मध्ये बोलिव्हार स्वतः तिच्या घरी गेला आणि तिला पेन्शन मंजूर झालं. पुढच्या सरकारांनी ते बंद पाडलं. २५ मे १८६२ रोजी ती वारली. तिच्या शहरातल्या १८०९ च्या उठावाचा तो वाढदिवस होता. तिला बेवारशांच्या खड्ड्यात पुरलं. २०१५ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये कोलंबसचा पुतळा हलवून त्या जागी तिचा पुतळा उभा राहिला. त्याचा खर्च केला होता बोलिव्हियाने, आणि तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्ष होते एव्हो मोरालेस, आयमारा कुटुंबात जन्मलेले.

तेव्हा कोणत्याही देशाच्या स्वातंत्र्याची तारीख वाचली की झेंडा कधी चढला एवढंच पाहू नका. कर कोण भरत होतं आणि कधीपर्यंत, हेही विचारा. पुढच्या भागात आपण लंडनच्या सावकारांकडे जाणार आहोत, ज्यांनी या नव्या राष्ट्रांना कर्जं दिली. तोपर्यंत नमस्कार.